सरकता पट्टा आणि थांबलेलं पाऊल

आठ-दहा दिवसांच्या बाळाला काखेत हात घालून उभं धरलं, तळवे टेबलाला टेकवले आणि अंग किंचित पुढे झुकवलं, की एक अजब गोष्ट घडते. ज्याची मान अजून धरलेली नाही, ते बाळ चालायला लागतं. एक गुडघा वाकतो, पाय उचलला जातो, पुढे टेकतो, मग दुसरा. बालरोगतज्ज्ञ हे पाहतात, कागदावर बरोबरची खूण करतात आणि पुढच्या तपासणीकडे वळतात.

दोन महिन्यांनी त्याच बाळाला तसंच धरा. पाय नुसते टेकतात, पाऊल पडत नाही. पुढे वर्षाच्या आसपास ते भिंतीला धरून उभं राहतं, पांगुळगाडा ढकलतं आणि एका संध्याकाळी हात सोडून दोन पावलं टाकतं. घरभर आनंद होतो. पण पहिल्या महिन्यात दिसलेलं पाऊल मधल्या काळात गेलं कुठे होतं, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

विसाव्या शतकात मोजक्या संशोधकांना तो पडला. त्याचा माग काढताना प्रयोगशाळेतली मांजरं, पाण्याची टाकी आणि एक छोटं ट्रेडमिल उपयोगी पडलं. शेवटी हा शोध जाऊन पोचला तो जन्मतःच पाठीचा कणा उघडा राहिलेल्या बाळांपाशी. ही मुलं चालतील का, याचं उत्तर त्यांच्या पाठीवरच्या जखमेकडे बघून देऊन टाकायची तोवर वैद्यकाला सवय झाली होती.

‘वेळ आली की चालेल’

पॅरिसमधले मज्जातज्ज्ञ आंद्रे-थॉमा यांनी नवजात बाळाच्या या हालचालीला ‘स्वयंचलित चाल’ म्हटलं होतं. ती नाहीशी का होते, याचं सर्वमान्य उत्तर मिळालं ते अमेरिकेतून. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या मर्टल मॅकग्रॉ यांनी १९३० च्या दशकात जॉनी आणि जिमी या जुळ्या भावांवर एक गाजलेला प्रयोग केला. जॉनीकडून रोज पोहणं, चढणं, उतरणं करून घ्यायचं. जिमीला पाळण्यात ठेवायचं. जॉनी चाकाचे बूट घालून सराईतपणे फिरायला शिकला, पण साध्या चालण्यात दोघांत फारसा फरक पडला नाही. १९४३ च्या आपल्या पुस्तकात मॅकग्रॉ यांनी जी मांडणी केली, ती थोडक्यात अशी : नवजात बाळाचं पाऊल ही मेंदूच्या खालच्या, जुन्या भागांची करामत. वरचा मेंदू वाढू लागला की तो तिला दाबून टाकतो आणि पुरेसा पिकला की चालण्याची सूत्रं स्वतःच्या हाती घेतो.

येल विद्यापीठात आर्नल्ड गेझेल हेच वेगळ्या शब्दांत सांगत होते. बाळाचं वेळापत्रक त्याच्या शरीरात लिहिलेलं आहे, घाई करून उपयोग नाही. १९४० मध्ये वेन आणि मार्सेना डेनिस या दांपत्याने अमेरिकेतल्या होपी आदिवासींची पाहणी प्रसिद्ध केली. होपी आया बाळाला पहिले काही महिने दिवसाचा बराच वेळ फळीला बांधून ठेवत. तरी ती मुलं न बांधलेल्या मुलांच्याच वयात चालू लागली. मग तर प्रश्नच मिटला. चालणं शिकवावं लागत नाही, ते येतं.

आपल्याकडेही हे मत घराघरात आहे. मूल चालत नाही अशी काळजी आईने बोलून दाखवली की कुणीतरी म्हणतंच, ‘त्याचा बापही दीड वर्षाचा झाल्यावर चालला, लागेल हळूहळू.’ निरोगी बाळाच्या बाबतीत ते बहुधा खरंही ठरतं. पण ज्याच्या मज्जारज्जूलाच इजा आहे, त्याच्या बाबतीत या सिद्धान्ताचा अर्थ निष्ठुर होता. जे आपोआप येणार ते येईल. जे येणार नाही त्यासाठी धडपड करून काय मिळणार?

मेंदूशी दोर तुटला तरी

याच काळात एक जुना पुरावा ग्रंथालयात धूळ खात पडला होता. १९११ साली टॉमस ग्रॅहम ब्राउन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने मांजरावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्याने मज्जारज्जूचा मेंदूशी असलेला संबंध तोडला, पायांकडून येणाऱ्या संवेदनांच्या नसाही कापल्या, तरी मागच्या पायांच्या स्नायूंमध्ये चालीची लय उमटली. एक स्नायू आखडतो तेव्हा समोरचा सैलावतो आणि मग उलट. म्हणजे पावलाचा ठेका धरणारं यंत्र मज्जारज्जूतच होतं. हा ग्रॅहम ब्राउन पुढे युरोपात गाजला तो गिर्यारोहक म्हणून. १९२७ आणि १९२८ मध्ये फ्रँक स्माइद यांच्यासोबत त्याने माँ ब्लाँच्या ब्रेन्व्हा कड्यावर नव्या वाटा काढल्या. त्याचं शास्त्रीय काम मात्र अर्धशतक कुणी फारसं उघडलं नाही.

१९६० च्या दशकात स्वीडनमध्ये आंडर्स लुंडबर्ग यांनी ते बाहेर काढलं आणि त्यांच्या परंपरेतल्या स्टेन ग्रिलनर यांनी पुढे नेलं. मज्जारज्जू कापलेल्या मांजराच्या पिल्लाला सरकत्या पट्ट्यावर आधार देऊन धरलं की मागचे पाय चालू लागत. पट्टा जलद केला की पावलंही जलद पडत. नंतर माँट्रिअलमध्ये ह्यूग बार्बो आणि सर्ज रोसिन्योल यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की प्रौढ मांजरालाही पट्ट्यावर रोज सराव दिला तर गेलेली चाल बऱ्याच अंशी परत आणता येते. मज्जारज्जू म्हणजे मेंदूचे निरोप पोचवणारी निव्वळ तार, ही समजूत मोडली. मज्जारज्जू सरावाने शिकतो, आणि सराव तुटला की विसरतो.

माणसाच्या बाळाकडे मात्र अजून कुणी त्या नजरेने पाहिलं नव्हतं.

बारा मिनिटं आणि गुबगुबीत मांड्या

पहिला धक्का दिला तो १९७२ मध्ये फिलिप झेलाझो, नॅन्सी झेलाझो आणि सेरा कोल्ब यांनी. ‘सायन्स’ या नियतकालिकातला त्यांचा लेख अगदी छोटा होता. दुसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत काही बाळांना आईवडिलांनी रोज बारा मिनिटं उभं धरून पावलं टाकू द्यायची. काहींचे पाय नुसते हलवून द्यायचे. काहींना काहीच करायचं नाही. ज्यांना पावलं टाकू दिली, त्यांचं पाऊल नाहीसं झालंच नाही, उलट वाढलं. ती मुलं चाललीही इतरांच्या आधी, दहाव्या महिन्याच्या सुमारास. पुढे चार्ल्स सुपर यांनी केनियातल्या किपसिगिस समाजात पाहिलं, की तिथल्या आया बाळाला बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात, आणि ती मुलं या गोष्टी पाश्चात्त्य मुलांच्या आधी करतात. त्याच मुलांकडून जे करून घेतलं जात नाही, त्यात ती पुढे नसतात.

वरचा मेंदू पाऊल दाबून टाकतो हे खरं असेल, तर रोजच्या बारा मिनिटांनी ते टिकलं कसं? कोडं सुटलं ते एस्थर थेलेन यांच्याकडून. ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या थेलेन मुळात प्राणिशास्त्राच्या. गांधीलमाश्या आपलं अंग कसं साफ करतात, याचा अभ्यास करता करता त्या बाळांच्या लाथांकडे वळल्या. पाठीवर झोपलेलं बाळ पाय झाडतं, तेव्हा कंबर, गुडघा, घोटा कोणत्या क्रमाने वाकतात हे त्यांनी नोंदवलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की ही लाथ आणि नवजात बाळाचं पाऊल एकच हालचाल आहे. फक्त एक आडवी, एक उभी. गंमत अशी, की दोन महिन्यांचं बाळ पाऊल टाकायचं सोडतं त्याच काळात पाठीवर झोपून दणादण लाथा झाडत असतं. वरचा मेंदू उभ्या बाळाची हालचाल दाबेल आणि आडव्या बाळाची तीच हालचाल मोकळी सोडेल, हे कसं शक्य आहे?

उत्तर मेंदूत नव्हतंच, मांड्यांत होतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळ झपाट्याने बाळसं धरतं. अंगावर चरबी चढते, पण त्या मानाने स्नायूंत ताकद येत नाही. आडवं असताना पाय उचलायला जमिनीची ओढ आड येत नाही, उभ्याने येते. आपण ज्या गुबगुबीत मांड्यांचं कौतुक करतो, त्याच त्या पावलाला जड होतात.

१९८४ मध्ये थेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सिद्ध करण्यासाठी केलेला प्रयोग इतका साधा होता, की तो आधी कुणाला सुचला नाही याचंच नवल वाटावं. पाऊल टाकणाऱ्या लहान बाळांच्या पायांना छोटी वजनं बांधली : पावलं कमी झाली. मग पाऊल ‘हरवलेल्या’ थोड्या मोठ्या बाळांना छातीपर्यंतच्या पाण्यात उभं धरलं. पाण्याने पायांचा भार उचलला आणि पावलं परत पडू लागली. हरवलेलं काहीच नव्हतं.

दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, त्यांनी पिल्लांचा पट्टा बाळांसाठी आणला. सात महिन्यांची बाळं, जी जमिनीवर धरली तर पाऊल टाकत नव्हती, त्यांना एका छोट्या ट्रेडमिलवर काखेत धरून उभं केलं. पट्टा बंद होता तोवर काही नाही. पट्टा सुरू झाला आणि बाळं एकाआड एक पाय टाकू लागली. वेग वाढवला तर पावलं वाढली. मग पट्टा मधोमध विभागून एका पायाखालचा भाग दुसऱ्याच्या दुप्पट वेगाने फिरवला, तरी बाळांनी ताल सोडला नाही. दोन्ही पायांनी आपसात जुळवून घेतलं. यातली युक्ती अशी : सरकता पट्टा टेकलेला पाय अंगाच्या मागे ओढत नेतो, कंबरेपाशी स्नायू रबरासारखा ताणला जातो आणि ताण टोकाला गेला की पाय आपसूक पुढे झेपावतो. बाळाला चालायचं ‘ठरवावं’ लागत नाही.

थेलेन यांचा निष्कर्ष असा, की पाऊल एकट्या मेंदूत किंवा एकट्या मज्जारज्जूत साठवलेलं नसतं. पायाचं वजन, स्नायूंची ताकद, खालची जमीन, धरणारे हात या सगळ्यांच्या जुळणीतून ते त्या क्षणी घडतं. जुळणीतलं एखादं अंग कमी पडलं, तर दुसरं भरून काढता येतं. हे वाक्य प्रयोगशाळेतून दवाखान्यात न्यायचं, तर कोणत्या मुलांकडे न्यायला हवं होतं, हे उघड होतं.

करंजीची कड

गर्भ तीन-चार आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्या पाठीवर पेशींचा एक सपाट पापुद्रा असतो. त्याच्या दोन्ही कडा वर येऊन एकमेकींना मिळतात, करंजीची कड मिटवावी तशा, आणि आतल्या नळीचा पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत हे काम आटोपतं. कड एखाद्या जागी मिटायची राहिली, तर तिथला कणा उघडा राहतो आणि मज्जारज्जू पाठीवर पिशवीसारखा बाहेर येतो. हा स्पायना बायफिडा. उघडी जागा जितकी वर, तितके पाय अधिक लुळे. कंबरेच्या वरच्या मणक्यांपाशी असेल तर पाय जवळजवळ हलत नाहीत. माकडहाडाजवळ असेल तर मूल बऱ्याचदा चालू शकतं. मधल्या मुलांचं काय होईल, ते सांगणं सर्वांत अवघड.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा प्रश्न उपस्थितच होत नसे, कारण ही बाळं बहुतेक वाचत नसत. जंतुसंसर्गाने जात, नाहीतर डोक्यात पाणी साठून. ते पाणी काढण्याची खात्रीची वाट सापडली ती फिलाडेल्फियात. कुलपं बनवणाऱ्या येल अँड टाऊन कंपनीत काम करणाऱ्या जॉन होल्टर यांना १९५५ मध्ये स्पायना बायफिडा असलेला मुलगा झाला. होल्टर डॉक्टर नव्हते, यंत्र जाणणारे होते. डोक्यातलं पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी आणि रक्त उलट येऊ न देणारी सिलिकॉनची झडप त्यांनी शल्यविशारद यूजीन स्पिट्झ यांच्यासोबत तयार केली. १९५६ मध्ये ती पहिल्यांदा बसवली गेली. होल्टर यांच्या मुलाला फार आयुष्य लाभलं नाही. पण त्या झडपेने जगभर हजारो बाळं वाचली.

वाचली, आणि मग प्रश्न उभा राहिला : आता पुढे? इंग्लंडमध्ये शेफील्डच्या डॉक्टरांनी १९६० च्या सुमारास जन्मतःच पाठ शिवून टाकण्याचा धडाका लावला होता. दहा वर्षांनी त्यांच्यातल्याच जॉन लॉर्बर यांनी पाचशेहून अधिक मुलांचा हिशेब मांडला आणि १९७१ मध्ये लिहिलं, की प्रत्येक बाळावर उपचार करू नयेत. निवडीचे निकष दिले. त्यातला एक पायांच्या लुळेपणाचा. शेफील्डचेच रॉबर्ट झॅकरी यांना ही निवड मान्य नव्हती. वाद वर्षानुवर्षं चालला. त्या वादात एक गोष्ट नोंदून ठेवण्यासारखी आहे : जन्मल्या दिवशी पाय हलतात की नाही, यावर बाळाच्या जगण्याचा निर्णय काही अंशी टांगला गेला होता. पहिल्या दिवशीचे पाय हेच कायमचे पाय, असं गृहीत धरलं होतं.

जगलेल्या मुलांच्या पायांकडे पाहायला माणसं मिळाली ती पोलिओमुळे. पोलिओही मज्जारज्जूचाच आजार. त्याच्या साथींनी पाश्चात्त्य देशांत अस्थितज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांची एक पिढी घडवली होती. लस आल्यावर पोलिओचे वॉर्ड रिकामे झाले आणि ते ज्ञान स्पायना बायफिडाकडे वळलं. शेफील्डचे डब्ल्यू. जे. डब्ल्यू. शेरार्ड यांनी कोणत्या स्नायूला मज्जारज्जूच्या कोणत्या भागातून नस येते, याचे नकाशे पोलिओच्या अभ्यासातून बांधले आणि तेच या मुलांसाठी वापरले. आपल्याकडेही फिजिओथेरपीचं पाऊल मुलांच्या लुळ्या पायांमागूनच आलं. मुलीला पोलिओ झाल्यावर फातेमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला, आणि १९५३ मध्ये केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा निघाली.

पोलिओकडून आलेली उपचारांची रीत होती आधाराची. सांधे आखडू नयेत म्हणून रोज ताणायचे, पायाला पट्ट्या बांधायच्या, कॅलिपर चढवायचं. वर्ष-दीड वर्षाचं झालं की मुलाला उभं राहण्याच्या चौकटीत बांधायचं. टोरांटोमध्ये ‘पॅरापोडियम’ नावाची चौकट निघाली. तिच्यात उभं राहून मूल अंग झुलवत पुढे सरकू शकत असे. हे सगळं मोलाचं होतं. उभं राहिल्याने हाडं धरतात, मूल समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवतं. पण चौकट चालत होती. पाय आत स्वस्थ होते.

रोज आठ मिनिटं

थेलेन यांच्यासोबत पट्ट्यावरच्या बाळांचा अभ्यास करणाऱ्यांत बेव्हर्ली उलरिच होत्या. १९९१ मध्ये दोघींनी मिळून पहिल्या वर्षातल्या पट्ट्यावरच्या पावलांवर एक सविस्तर प्रबंधिका लिहिली. शीर्षकाचा भावार्थ होता दडलेली कौशल्यं. बेव्हर्ली आणि त्यांचे पती डेल यांना प्रश्न पडला, की ज्या मुलांचं चालणं लांबतं, त्यांच्यातही हे कौशल्य असंच दडलेलं असेल का?

आधी ते वळले डाउन सिंड्रोमच्या मुलांकडे. ही मुलं सरासरी दोन वर्षांची झाल्यावर चालतात. १९९२ मध्ये उलरिच दांपत्याने दाखवलं, की अकरा महिन्यांची अशी बाळंही पट्ट्यावर एकाआड एक पाय टाकतात. मग डेल उलरिच यांनी तीस कुटुंबं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली. नेहमीची फिजिओथेरपी दोन्ही गटांना. एका गटाच्या घरी शिवाय एक छोटं ट्रेडमिल. बाळ आधाराशिवाय अर्धा मिनिट बसू लागलं की सुरुवात. आठवड्यातले पाच दिवस, रोज आठ मिनिटं, आईने किंवा वडिलांनी बाळाला काखेत धरून पट्ट्यावर उभं करायचं. पट्ट्याचा वेग सेकंदाला वीस सेंटिमीटर. हिशेब केला तर आठ मिनिटांत पट्टा शंभर मीटरही सरकत नाही.

२००१ मध्ये ‘पेडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात निकाल आला. पट्ट्यावरची मुलं दुसऱ्या गटाच्या सरासरी १०१ दिवस आधी स्वतंत्रपणे चालू लागली. दीड-दोन वर्षांच्या आयुष्यात १०१ दिवस हा मोठा ऐवज आहे. चालणाऱ्या मुलाला हवी ती वस्तू गाठता येते, माणसांच्या मागे जाता येतं. त्याचं जग मोठ्यांच्या कडेवर संपत नाही.

यानंतर बेव्हर्ली उलरिच यांचा मिशिगन विद्यापीठातला गट स्पायना बायफिडाच्या बाळांकडे आला. इथे अडचण खरी होती. डाउन सिंड्रोमच्या मुलाच्या नसा शाबूत असतात, इथे काही नसा मुळातच तुटलेल्या. पाठ जन्मल्याबरोबर शिवलेली, डोक्यात झडप, तळव्यांना स्पर्श कळेल की नाही याची खात्री नाही. गटाने आधी पाठीवर झोपलेल्या बाळांच्या लाथा मोजल्या : निरोगी बाळांपेक्षा ती कमी हलतात. म्हणजे इजा तर आहेच, वर सरावही कमी पडतो. सराव कमी म्हणून स्नायू दुबळे, स्नायू दुबळे म्हणून सराव आणखी कमी.

मग पट्टा. कॅरोलिन ट्यूलिए आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘फिजिकल थेरपी’ या नियतकालिकात लिहिलेला निष्कर्ष सावध पण ठाम होता : कंबरेच्या किंवा त्याखालच्या भागात इजा असलेली ही बाळं पहिल्या वर्षात पट्ट्यावर पाऊल टाकतात. निरोगी बाळांपेक्षा बरंच कमी; एकाआड एक पायांपेक्षा सुटी पावलं जास्त; मुलागणिक फरक मोठा. पण टाकतात. ज्या पायांवर जन्मल्या दिवशीच शिक्का मारला गेला असता, ते प्रतिसाद देत होते.

पुढच्या अभ्यासांत त्यांनी पट्टाच बदलून पाहिला. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा पट्टा लावला, म्हणजे जमीन सरकते आहे हे डोळ्यांना दिसावं. पट्ट्यावर पकड घेणारा पृष्ठभाग चिकटवला, म्हणजे कमजोर पाय निसटू नये आणि मागे पुरता ताणला जावा. पायाला हलकी वजनं बांधून पाहिली. चौकडी आणि पकड यांनी पावलं वाढली. इथे थेलेन यांचं वाक्य आठवतं. तळव्याला कळत नसेल तर डोळ्यांना सांगा, स्नायू कमी पडत असेल तर जमिनीने हात द्यावा. हे पाहायला थेलेन नव्हत्या. २००४ च्या डिसेंबरात त्यांचं निधन झालं होतं.

पट्ट्याच्या पलीकडे

या कहाणीचा जयघोष करण्याआधी दोन पावलं मागे यायला हवं. ट्रेडमिलने तुटलेली नस जुळत नाही. स्पायना बायफिडाच्या बाळांवरचे अभ्यास लहान आहेत. सहा वर्षांखालच्या मुलांच्या ट्रेडमिल उपचारांची कॉक्रेन संस्थेने केलेली समीक्षा म्हणते, की डाउन सिंड्रोममध्ये चालणं लवकर येण्यास मदत होते असं दिसतं, इतर आजारांबाबत पुरावा अपुरा आहे. मज्जारज्जूला नुकतीच अंशतः इजा झालेल्या मोठ्या माणसांवर अमेरिका आणि कॅनडात एक मोठी चाचणी झाली. २००६ मध्ये तिचा निकाल आला : पट्ट्यावर चालवलेले आणि जमिनीवर तेवढाच सराव दिलेले रुग्ण यांत फरक नाही. दोन्ही गटांतले अपेक्षेपेक्षा अधिक लोक चालू लागले. जादू यंत्रात नव्हती, सरावात होती.

सराव म्हणजे किती? न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कॅरेन अॅडॉल्फ यांनी २०१२ मध्ये निरोगी मुलांचं खेळणं मोजलं. बारा ते एकोणीस महिन्यांचं मूल मोकळं सोडलं तर तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतं आणि १७ वेळा पडतं. ‘वेळ आली की चालेल’ असं आपण म्हणतो, त्या वेळेच्या पोटात एवढी मेहनत दडलेली असते. स्पायना बायफिडाच्या मुलाला ही मेहनत करायची संधीच मिळत नाही. पट्टा, पाणी, उभं राहण्याची चौकट, फिजिओथेरपिस्टचे हात हे सगळे ती संधी उसनी मिळवून देण्याचे मार्ग आहेत.

दरम्यान वैद्यक आणखी मागे, पावलाच्याही आधी पोचलं. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने दाखवलं, की आधीच्या गर्भात हा दोष आलेल्या बायकांनी गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर तो पुन्हा येण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत गर्भाशयातच बाळाची पाठ शिवली गेली. अडीच वर्षांच्या वयात आधाराशिवाय चालणारी मुलं त्या गटात ४२ टक्के होती, जन्मानंतर शिवलेल्यांत २१ टक्के. वेळेआधी प्रसूती आणि आईच्या गर्भाशयावर व्रण ही त्याची किंमत होती.

वाचकांनी यातून घरी न्यायचं ते असं. पाळी चुकली हे कळेपर्यंत करंजीची कड मिटायची वेळ सरत आलेली असते, म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधी, मूल हवं असं ठरवलं त्या महिन्यापासून, डॉक्टरांना विचारून. ज्यांच्या घरी असं बाळ आहे, त्यांनी व्यायामशाळेतल्या ट्रेडमिलवर हे प्रयोग करू नयेत. तळव्यांना स्पर्श कळत नसलेलं बाळ पाय घासला तरी रडत नाही. चाकांचा, आत बसवायचा वॉकरही नको. त्याने चालणं लवकर येत नाही, आणि अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. मागून ढकलायचा आपला लाकडी पांगुळगाडा निराळा; तिथे मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं. आणि पाठ शिवून टाके निघाले, की उभं राहायच्या वयाची वाट न बघता बाळाला मुलांच्या फिजिओथेरपिस्टकडे न्यावं. पहिल्या वर्षातल्या लाथांचा हिशेब दुसऱ्या वर्षी भरून काढणं अवघड जातं.